दुकानाचा फोन कोणी उचलायचा

ऑकलंडच्या बॉटनी डाउन्स भागात माझं कपडे दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. पँट आखूड करायची, चेन बदलायची, दिवाळीच्या आधी ब्लाउजांचा ढीग उपसायचा. लँडलाइन बंद होणार, आता फायबर आलंय, क्लाउड फोन घ्या, असं पत्र आलं तेव्हा मी ते सरळ ड्रॉवरमध्ये टाकलं. भिंतीतून वायर निघते आणि टेबलावर यंत्र वाजतं, याला मी फोन म्हणत होते. तो ढगात नेऊन ठेवायची कोणाला एवढी घाई झाली होती, कोण जाणे.

नवऱ्याला मात्र चेव आला. तो शहरातल्या एका ऑफिसात आयटीत होता. त्याने सहा कंपन्यांचा तक्ता केला आणि टाकानिनी भागातल्या आमच्या घरी जेवताना रोज एक रकाना मला वाचून दाखवू लागला.

"हिच्यात मोबाइलवर ॲप आहे. हिच्यात ऑटो अटेंडंट. म्हणजे कॉल आला की आपोआप एक बाई बोलते, मेसेज घेते, तो ईमेलवर येतो. हीप्स फीचर्स, ढीगभर आहेत गं!"

"मला फोन वाजायला हवा," मी म्हणायचे.

"वाजेल की."

मला खरोखर काय हवं होतं ते मी नीट सांगितलंच नाही. आई पुण्यात एकटी होती. दोन वर्षांपूर्वी बाबा गेल्यापासून ती रोज सकाळी सहाला दुकानाच्या नंबरवर दोन रिंग द्यायची आणि ठेवून द्यायची. आमच्याकडे तेव्हा उन्हाळ्यात दुपारचा दीड. दोन रिंग म्हणजे उठले, बरी आहे. उचलायचा नाही, हा तिचाच नियम. मग ती फिरायला जायची आणि मी जेवणाचा डबा उघडायचे. मिस्ड कॉल हे काही फोनचं फीचर नव्हे, तेव्हा ते तक्त्यात घालायचं मला सुचलं नाही आणि नवऱ्यालाही.

पहिल्या कंपनीची पंधरा दिवसांची ट्रायल घेतली. नवऱ्याने त्याच्या ईमेलवर खातं उघडलं आणि जुना नंबर तिकडे वळवला. सोमवारी सकाळी मी मोबाइलवरून दुकानाला फोन लावून पाहिला. "किया ओरा," एक गोड आवाजाची बाई माओरीत नमस्कार करत म्हणाली आणि पुढे अगदी हॉटेलात बोलतात तसं अदबीने बोलली. मी खूश. माझ्या दीड खणाच्या दुकानाला एकदम रुबाब आला.

त्या दिवशी दीड वाजला. फोन वाजला नाही. पावणेदोन झाले तरी नाही. मी पुण्याला फोन लावला, नुसता वाजत राहिला. पुन्हा लावला. सहानंतर ती फिरायला जाते हे मला पक्कं ठाऊक होतं, पण डोक्यात एकदा नको ते शिरलं की ठाऊक असलेलं काहीच कामाला येत नाही. न्हाणीघरातली ओली फरशी डोळ्यांसमोरून हलेना. एक गिऱ्हाईक पडदे घेऊन आलं, त्यांची मापं मी दोनदा चुकवली.

सव्वादोनला नवऱ्याचा फोन. तो हसत होता. "अगं, दुकानाच्या फोनवर आईंचा मेसेज आलाय. पाठवतो, ऐक."

मी मोबाइल कानाला लावला. "अहो बाई, उचललात कशाला? मिस्ड कॉल होता. आता उचललाच आहे तर तिला सांगा, मी बरी आहे."

मी टाचण्यांच्या डब्याशेजारी जमिनीवर बसले आणि मनसोक्त रडले. इतकं हलकं मला त्या देशात आल्यापासून कधी वाटलं नव्हतं.

संध्याकाळी आईला सगळं समजावून सांगायला फोन केला, तर तीच म्हणाली, "मदतीला बाई ठेवलीस ते बरं केलंस. तुला जरा उसंत मिळेल." इतक्या समाधानाने म्हणाली की ते मशीन आहे हे सांगायला माझी जीभ रेटेना.

मग मीच कंपनीला फोन लावला. विचारलं, तुमच्या बाईने न उचलता फोन नुसता वाजू शकतो का? तिथला माणूस गोंधळला. फोन कोणी उचलू नये, असं म्हणणारं गिऱ्हाईक त्याने बहुधा पाहिलं नव्हतं. त्यांच्या छोट्या प्लॅनमध्ये ते जमत नव्हतं. तक्त्यातल्या दुसऱ्या कंपनीतली मुलगी मात्र म्हणाली, "स्वीट ॲज, काही अडचण नाही, हव्या तितक्या रिंग वाजू देऊ." बाकीचे रकाने न बघता मी हिलाच हो म्हटलं. बदल व्हायला शुक्रवार उजाडणार होता.

तोवर मंगळवार, बुधवार, गुरुवार आई त्या बाईशी बोलत राहिली. मेसेज रोज थोडा लांबत गेला. मंगळवारी तिने बाईला जेवलात का विचारलं. बुधवारी शेजारच्यांनी घर विकल्याचं सांगितलं. गुरुवारचा मेसेज मी दुकानाचं दार लावून ऐकला.

"गुडघ्याने फार छळलंय हो. काल जिना उतरताना कठड्याला धरून तशीच उभी राहिले, कोणी येईपर्यंत. आता बरं आहे, डॉक्टरांनी पट्टा दिलाय. पण तिला नका सांगू. उगाच तिकडे जीव टांगणीला लागतो तिचा."

पट्टा दिलाय म्हणाली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. आणि मग मला रागही आला, माझाच. मी दोन वर्षं रिंगा मोजत होते आणि आईची खबर ठेवतेय असं समजत होते.

शुक्रवारी नवा फोन सुरू झाला. दीड वाजता वाजला, अगदी जुन्यासारखा. दुसरी रिंग संपायच्या आत मी उचलला.

"अगं, उचललास कशाला?" आई चिडली.

"गुडघा कसा आहे?"

 आई म्हणाली, "चांगली वाटली होती गं ती बाई. सांगू नका म्हटलं होतं मी तिला."