खोक्यावरचा नंबर

मी आंजीत घरी बसून घरांचे नकाशे काढते. वर्ध्याचे दोन इंजिनिअर काम देतात. आधी प्लॅन काढायचा, मग बांधून झाल्यावर घर कसं दिसेल त्याचं चित्र कॉम्प्युटरवर तयार करायचं. जुन्या लॅपटॉपवर एका चित्राला अख्खी दुपार जायची. म्हणून ठरवलं, सुटे भाग निवडून कामापुरता चांगला कॉम्प्युटर जुळवून घ्यायचा, पण साठ हजारांच्या वर जायचं नाही.

सल्ला कोणाचा घ्यायचा हा प्रश्नच नव्हता. माझ्या मावसभावाचं वर्ध्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आठवी ते बारावी तो आमच्याच घरी राहून शिकला. माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणते. न बघता मराठी टाइप करायला मला त्यानंच शिकवलं.

तीन महिने आमचं नियोजन चाललं. मी वहीत यादी लिहायची, फोनवर वाचून दाखवायची, तो एकेक खोडायला लावायचा. मला दिवे लागणारा कॅबिनेट आवडला होता. दिव्यांनी चित्र लवकर बनत नाही, म्हणाला. पॉवर सप्लाय स्वस्तातला घ्यायला निघाले तर चक्क रागावला. त्या रागाचं मला बरं वाटलं होतं. प्रोसेसर मात्र त्यानंच एक पायरी खाली आणला.

"तुह्यं सारं काम ग्राफिक्स कार्डावर आहे," तो म्हणाला. "तिथं हात आखडू नको."

भाग त्यानंच मागवले, दुकानात जोडले, आणि एका रविवारी कॅबिनेट मांडीवर घेऊन तो ऑटोनं घरी आला. आईनं पाटवड्यांचा रस्सा केला होता. रिकामी खोकी तो दुकानातच ठेवणार होता; मी हट्टानं मागून घेतली. काही कारण नव्हतं, नव्या वस्तूचं खोकं टाकवत नाही एवढंच.

चार महिने झाले आणि अर्धं चित्र तयार झालं की पडदा काळा व्हायला लागला. दादाला फोन केला. आंजीची लाईन खराब आहे, म्हणाला. मी यूपीएस आणला, वायरमनला बोलावून अर्थिंग नवीन करून घेतलं. पडदा काळा होतच राहिला. मग तो म्हणाला, तू एका वेळी फार काम टाकते त्याच्यावर. तेही मी मानलं. चित्रातली झाडं कमी केली, खिडक्यांचे पडदे काढले, अंगणातली गाडी काढली. इंजिनिअरनं एकदा विचारलं, अलीकडे तुमची घरं अशी ओकीबोकी काऊन दिसून राह्यली? मी विजेचं कारण सांगितलं.

शेवटी दादाला न विचारता ग्राफिक्स कार्डाच्या कंपनीला फोन लावला. तिकडच्या मुलीनं कार्डावरचा नंबर मागितला. मी कॅबिनेट उघडून कार्ड काढलं आणि नंबर वाचला. ती म्हणाली, याची वॉरंटी कधीचीच संपली. मी खोकं आणलं. मॉडेल तेच, नंबर वेगळा. बिलावर खोक्याचा नंबर होता. मी तिन्ही पुन्हा वाचले, मग आईला चष्मा लावून वाचायला लावले. तिनंही तेच वाचलं.

दुसऱ्या दिवशी कार्ड टॉवेलात गुंडाळून बसनं वर्ध्याला गेले. दुकानात एक गिऱ्हाईक प्रिंटर घेऊन बसलं होतं. मी बिल आणि कार्ड काउंटरवर ठेवलं. त्यानं बिलाकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. त्याचा स्वतःचा कॉम्प्युटर मागच्या टेबलावर चालू होता. तो बंद कर म्हटलं. नंतर ये, लोक आहेत, असं तो हळू आवाजात म्हणाला. मी आत गेले, बटण दाबून कॉम्प्युटर बंद केला, वायर काढली आणि त्याच्याच पेचकसानं पत्रा उघडला. तो मध्ये आला नाही. आतल्या कार्डावर माझ्या बिलातला नंबर होता.

"काऊन केलं असं?" मी विचारलं.

त्यानं काढलेला पत्रा उचलून भिंतीला टेकवला. "माह्यं जुनं झालं होतं. तुह्यं कामच तर चालवायचं होतं. मले वाटलं, तुले समजणार नाई."

मी त्याच्या कॉम्प्युटरमधलं माझं कार्ड काढून टॉवेलात गुंडाळलं, जुनं काउंटरवरच ठेवलं आणि निघाले. परतीच्या बसमध्ये रडू आलं नाही. फक्त त्याचं शेवटचं वाक्य डोक्यात घोळत राहिलं. पैशाची नड होती म्हणाला असता तर मी काय केलं असतं, कोण जाणे.

आई म्हणाली, एका पत्र्याच्या तुकड्यापायी भाऊ तोडतात का. मी तोडला नाही. दिवाळीला तो आला, जेवला, अंगणात आईशी बोलत बसला. माझ्या खोलीत आला नाही आणि मीही बोलावलं नाही.

कार्ड मी स्वतःच बसवलं. पडदा त्यानंतर काळा झाला नाही. तरी वही काढून त्यानं सांगितलेला प्रत्येक भाग मी नव्यानं तपासला: रॅम, मदरबोर्ड, तो पॉवर सप्लायसुद्धा. कुठेच खोट निघाली नाही. बाकी सगळं त्यानं अगदी मन लावून निवडलं होतं. मला राग धरायचा असतो आणि ती यादी आडवी येते.