पेन ड्राइव्हमधले माझे जीव

उमापूरच्या आमच्या घरात पेन ड्राइव्ह एकच. माझे जुने व्हिडिओ गेम त्यातच आणि नवऱ्याची ट्रॅक्टरवर लावायची गाणीही त्यातच. जागा कमी पडली की हा माणूस मला न विचारता गेम पुसायचा. दोनदा पुसले. तिसऱ्यांदा मी कॉम्प्युटरवर गेमचं फोल्डर लपवूनच टाकलं. टीव्हीला जोडलेल्या गेमच्या डब्याला ते दिसायचं, नवऱ्याला नाही. "एवढी मोठी पेन ड्राइव्ह, अन् वीसच गाणी मावतात?" म्हणून तो ती बनवणाऱ्याला शिव्या द्यायचा. मी भाकरी थापत मान डोलवायचे.

माझी तक्रार एकच होती. गेममध्ये जपून ठेवलेले माझे जीव दुसऱ्या दिवशी संपलेले असायचे. डबाच भिकार आहे, असं मी धरून चालले होते.

एकदा सासरे ट्रॅक्टर घेऊन बाजारात कापूस विकायला गेले. लपवलेलं फोल्डर ट्रॅक्टरच्या टेपला मात्र सापडतं, हे मला कुठं ठाऊक! अभंग संपला आणि भर बाजारात माझ्या गेमचं टुणटुण संगीत सुरू झालं.

घरी येताच त्यांनी मला हाक मारली. मी डोक्यावरचा पदर सावरत खाली मान घालून उभी राहिले.

"पोरी, ते टुणटुण तुझंच हाय ना?"

"व्हय, मामा."

नवरा आसपास नाही ना, हे त्यांनी आधी बघितलं. मग आवाज खाली आणला.

"मंग त्या तुटक्या पुलावरून उडी कवा मारायची, तेवढं सांग. आपले समदे जीव तिथंच जायलेत."