क म्हणजे तिसरं

केजमध्ये माझं डीटीपीचं दुकान आहे. मराठी, उर्दू आणि इंग्रजी एकाच कागदावर बसवायचं काम निघालं की बाकीचे हात वर करतात आणि गिऱ्हाईक माझ्याकडे येतं. उर्दू उजवीकडून चालते, त्यामुळे क्रमांकाचे कंस भलत्याच बाजूला उड्या मारतात. मला त्यांना वळण लावायला आवडतं. स्वभावच किरकिरा आहे माझा.

एका डॉक्टरांनी इंजेक्शनवर असलेल्या साखरेच्या रुग्णांसाठी असा कागद करून मागितला. माझी आईही त्यांचीच पेशंट, नुकतीच इंजेक्शनवर आलेली. सूचना चारच. पहिली, रोजच्यासारखं इंजेक्शन घ्या आणि लगेच जेवा. दुसरी, साखर वाढलीय, दवाखान्यात दाखवा. तिसरी, साखर उतरलीय, इंजेक्शन अजिबात नको, ताबडतोब साखरपाणी द्या. चौथी, शुद्ध गेली तर तोंडात काही न घालता उचलून आणा. खेड्यात फोनचा आवाज मधेच तुटतो, म्हणून सिस्टरने फोनवर नुसतं अक्षर सांगायचं ठरलं. इंग्रजीत ए, बी, सी, डी. उर्दूत अलिफ, बे, जीम, दाल. मराठीत अ, ब, क, ड.

आपलं हे अ, ब, क, ड म्हणजे अजब प्रकरण आहे. मुळाक्षरांत असा क्रम कुठेच नाही, तरी शाळेच्या तुकड्यांपासून प्रश्नपत्रिकेपर्यंत सगळीकडे तोच चालतो. संगणकाला तो ठाऊक नसतो. त्याला क्रमांक टाकायला सांगितलं की तो गुणी पोरासारखा क, ख, ग, घ म्हणतो. म्हणून मी ऑटोमॅटिक नंबरिंग बंद करून प्रत्येक अक्षर हाताने टाकलं आणि फाइल दवाखान्यात पाठवून दिली.

चार दिवसांनी दुपारी, छापलेला कागद कसा दिसतो ते बघायला मी दवाखान्यात गेलो. टेबलावर गठ्ठा होता, निम्मा वाटून झालेला. वरचा कागद उचलला. मराठी रकाना क, ख, ग, घ असा होता. उर्दू आणि इंग्रजी जशीच्या तशी. सिस्टर म्हणाली, ओळी वाकड्या दिसत होत्या म्हणून छापणाऱ्याने एक बटण दाबून सरळ करून दिल्या.

आमच्या घरी हा कागद गेलाय का, मी विचारलं. सकाळीच अण्णा, म्हणजे माझे वडील, तो घेऊन युसूफ वडगावला आमच्या घरी गेले होते. आणि मग ती सहज म्हणाली,

"आत्ताच त्यांचा फोन आलता. मशीनवरचा आकडा लई खाली हाय. मी सांगितलं, क करा."

तिच्या डोक्यात क म्हणजे ठरल्याप्रमाणे तिसरी, पण आमच्या घरच्या कागदावर क म्हणजे पहिली ओळ. इंजेक्शन.

मी अण्णांना फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. अण्णांनी आयुष्यभर कचेरीत नोकरी केलेली. कागदावर लिहिलेलं त्यांना देवाच्या शब्दासारखं. ते विचार करत बसणार नव्हते, आणि गाडी काढून जायला वेळ नव्हता. मग गावात आमच्या समोरच्या घरातली काकू आठवली. तिला लावला, तिने उचलला. मी सांगितलं, काकू, पळा, अण्णांना म्हणा, आईला सुई देऊ नका. तिने का म्हणूनही विचारलं नाही.

पुढचं सगळं मी फोनमधून ऐकलं. चपलांचा आवाज. फाटकाची कडी. काकूचं धापा टाकणं. सिस्टर माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मी भिंतीकडे.

मग अण्णांचा आवाज आला. "काय झालं रे? सुई भरून ठेवलीय. इंजेक्शन दिलं की लगेच जेवण, असं लिवलंय. म्हनून आधी भाकर टाकत होतो."

अण्णांना भाकरी थापता येत नाही. ती तुटत होती, ते पुन्हा थापत होते, आणि तेवढ्यानेच आई वाचली होती.

"अण्णा, सुई टाकून द्या. आईला साखरपाणी पाजा. आत्ता."

"कागदात तर तसं न्हाई," ते म्हणाले. "तूच केलाय की कागद. तुझा कागद म्हनून तर मी कुनाला इचारलं न्हाई."

मी तिथेच बाकावर बसलो. फोनमध्ये डबा उघडल्याचा आवाज आला, पेल्यात चमचा फिरला. काकू आईला म्हणत होती, पी, अजून एक घोट, अजून एक. मी देवाला फारसा मानत नाही, पण त्या वेळी ओठ हलत होते.

बऱ्याच वेळाने आई फोनवर आली. आवाज ओढल्यासारखा, पण तिचा. काय झालं ते मी तिला कसंबसं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली,

"मी हाय बरी. पर हा कागद अजून कुनाकुनाच्या घरी गेलाय?"

मी टेबलावरच्या निम्म्या गठ्ठ्याकडे पाहिलं. सिस्टरने तोवर रुग्णांची वही उघडली होती. पहिला नंबर नांदूरघाटचा होता. तिने स्पीकर लावून फोन मधे ठेवला. आम्ही दोघं वाकून ऐकत होतो. तिकडे रिंग वाजत होती, कुणी उचलत नव्हतं.