डाव्या हाताची गिटार

जानेवारीत इंद्रायणीवरून धुकं उठलं की तळवड्याच्या त्या कंपन्यांच्या गल्लीत माणूस दिसायच्या आधी त्याचा खोकला ऐकू येतो. पहिल्या शिफ्टच्या आधी सिद्धेश गेटवर येऊन उभा असायचा. रात्रभर दवात भिजलेलं लोखंडी गेट असं गार पडलेलं असायचं की तो ते खांद्यानंच लोटायचा. पत्र्याच्या कॉइलची गाडी आत घ्यायची, नंबर लिहून ठेवायचा, ड्रायव्हरला चहाची टपरी दाखवायची, मग कामगारांना आत सोडायचं. डावा हात तेवढा वेळ स्वेटरच्या खिशात.

"काय वॉचमनसाहेब, आज सलाम न्हाई?" जाता जाता कुणीतरी म्हणायचं.

"चहा पाज, दोन ठोकतो," सिद्धेश म्हणायचा.

माणसं हसत आत गेली की शेडमधले पत्रा ठोकणारे प्रेस सुरू व्हायचे. धप्, धप्, धप्. तो आवाज कानाच्या आधी तळपायाला कळतो. सिद्धेश खुर्ची फिरवून रस्त्याकडं तोंड करून बसायचा.

त्याच शेडमध्ये त्यानं कितीतरी वर्षं प्रेस चालवला होता. प्रेसला समोर दोन बटणं असतात, एक उजव्या हाताला, एक डाव्या. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा डाय, म्हणजे पोलादी साचा, खाली येतो. म्हणजे दोन्ही हात बाहेर असल्याशिवाय मशीन ठोकत नाही. पण टार्गेटच्या वर जेवढे नग निघतील तेवढा जादा पैसा, आणि दोन्ही हात अडकवून ते काही साधत नाही. म्हणून गल्लीत एक रीत पडली होती. एका बटणात पत्र्याचा तुकडा खोचायचा, वरून काळी टेप गुंडाळायची. एक हात बटणावर, दुसरा पत्रा सरकवायला मोकळा. सुपरवायझरही समजूतदार. यायचा तो चाव्या वाजवत यायचा, टेप काढायला वेळ मिळावा म्हणून.

सिद्धेश गिटार वाजवायचा. अजिंक्यच्या गायन पार्टीत. अजिंक्य त्याचा वर्गमित्र, चाकणला एका कंपनीत कामाला, आणि गळा असा की माईक बंद पडला तरी मागच्या रांगेला ऐकू जावा. भीमजयंतीच्या दिवसांत पार्टीला उसंत नसायची. त्यांचं एक गाणं होतं, अजिंक्यच्या वडिलांनी रचलेलं. त्यात पहिलं कडवं संपून दुसरं सुरू व्हायच्या आधी गिटारचा एक तुकडा यायचा. इतका झपाट्याचा, की तो सुरू झाला की माणसं खुर्च्या मागं सारून उभी राहायची. तो तुकडा सिद्धेशनं बसवलेला. घरच्या मोरीच्या कट्ट्यावर बसून, कुणी न शिकवता.

एके दिवशी संध्याकाळी चिखलीत कार्यक्रम होता. अजिंक्यचा दुपारपासून फोन, लवकर ये, साउंड चेक करायचाय. लॉट संपल्याशिवाय सुटी नव्हती. सिद्धेशनं टेप लावली आणि हात चालवला.

डाव्या हाताची दोन बोटं गेली. अंगठ्याशेजारचं आणि मधलं, मुळाजवळून.

मालकानं दवाखान्याचं बघितलं आणि त्याला गेटवर बसवलं. "आपलाच माणूस आहे," असं तो आल्यागेल्याला सांगायचा.

गिटारवाल्याचा डावा हात तारा दाबतो आणि उजवा छेडतो. डावा गेला म्हणजे गिटार गेली, असं सगळ्यांनी धरलं. गिटार वर्षभर कपाटावर पडून होती. मग एक दिवस मिनल, त्याची बायको, जळमटं काढताना म्हणाली, "उलटी धरली तर?"

"येडी का काय तू."

"उजव्या हाताला पाच बोटं आहेत तुमच्या. दाबायला ती वापरा. छेडायला अंगठा नि एक बोट पुरत नाही का?"

त्यानं चिंचवडच्या दुकानातून तारा उलट्या बसवून आणल्या. अजिंक्यला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "भावा, एप्रिलपर्यंत तुझी जागा धरून ठेवतो. दुसरा कुणी घेत न्हाई. पण तो तुकडा वाजला पाहिजे."

एवढंच मागणं होतं. पार्टीतली जागा. बाकी सगळीकडं तो आता बोटं गेलेला सिद्धेश होता.

अनुया तळवड्याच्याच आयटी पार्कात कामाला होती आणि सुटीच्या दिवशी मोशीतल्या आपल्या फ्लॅटवर गिटार शिकवायची. सिद्धेश तिच्याकडं शिकायला गेला तेव्हा त्याचा हात बघून तिनं एकदाच डोळे खाली केले. त्यानंतर शिकणाऱ्या कुणाशीही बोलावं तशी बोलत गेली. छेडायची ती प्लास्टिकची तिकोनी चकती अंगठा आणि अनामिकेच्या चिमटीत धरायची होती. ती निसटायची. सिद्धेशनं चकतीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला. मग निसटणं थांबलं, पण मनगट लाकडासारखं ताठ.

"दादा, केवढी आत घालताय ती? तारेला नुसतं टोक लागू द्या. विहीर खणायची नाहीये."

"दाबल्याबिगर काम झाल्यागत वाटत न्हाई मॅडम."

"मॅडम नका म्हणू. मी लहान आहे तुमच्याहून."

"शिकवता म्हंजे मॅडमच."

"बरं. मग ऐका मॅडमचं. खाली, वर. खाली, वर. वर येताना अडकतंय, ऐकू आलं?"

"आलं."

"मग टिकटिक कमी करा."

ताल धरायची मोबाईलमधली टिकटिक. तिच्या एकेका ठोक्यावर एक स्वर, कोरा, शेजारची तार न वाजता. अनुया ती इतकी हळू लावून द्यायची की दोन ठोक्यांच्या मधे माणसानं जांभई द्यावी. सिद्धेश तिच्यासमोर तसं वाजवायचा आणि घरी आला की टिकटिक वाढवायचा. रोज थोडी जास्त. कालच्यापेक्षा आज जादा निघालंच पाहिजे, हे त्याच्या अंगात मुरलेलं. दोन-चार स्वर बुडाले, एखादी तार खरखरली, तर त्याला त्याचं काही वाटायचं नाही. प्रेसवर खराब नग बाजूच्या पेटीत टाकायचा आणि पुढचा घ्यायचा, तसं तो पुढं जायचा.

महिन्याभरानं अनुयानं त्याला तुकडा वाजवायला लावला आणि मधेच हात वर केला.

"घरी भरभर वाजवता ना?"

सिद्धेशनं चकती तारेवरून उचलली.

"दादा, चुकलेला स्वर कुठं जात नाही. हात तोही पाठ करतो. तुम्ही चुका पाठ केल्यात, आणि चांगल्या पक्क्या केल्यात."

परत मोशीहून येताना बसमध्ये तो गिटार मांडीवर घेऊन बसला होता. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "कार्यक्रम हाय का कुठं?" सिद्धेश म्हणाला, "हाय. एप्रिलात." आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

त्या दिवसापासून त्यानं ऐकलं. शिफ्टवरून आला की मोरीच्या कट्ट्यावर बसायचा. मनगट सैल, चकतीचं टोक तारेवरून जेमतेम पुढं जाईल एवढंच, तळव्याची कड बाकीच्या तारांवर टेकवून त्या मुक्या ठेवायच्या. चार स्वर. तेच चार. मग पुढचे चार. मिनल म्हणायची, "शेजारच्या ताई विचारत होत्या, तुमच्याकडं नळ गळतोय का." तो हसायचा, पण टिकटिक वाढवायचा नाही.

मार्चात एकदा मिनल कणीक मळत होती आणि तिचे हात परातीत थांबले. तुकडा आला होता. अख्खा. एकही स्वर दबलेला नाही, एकही तार खरखरलेली नाही. पण कसा, तर एखादं माणूस आजारातून उठून भिंतीला धरून चालावं तसा.

"काय झालं?" सिद्धेशनं विचारलं.

"काही नाही. वाजवा."

ती त्याच्याकडं पाठ करून मळत राहिली.

त्यानं थोडी टिकटिक वाढवली. अजून थोडी. एका ठिकाणी येऊन हात अडायचा. तिथून पुढं अनामिका थकायची, चिमूट सैल व्हायची, आणि जुनी खरखर जशीच्या तशी बाहेर यायची. अनुया म्हणाली, "हे वर्षाचं काम आहे दादा. कदाचित दोन. या बोटाला आजवर कुणी हे काम सांगितलेलंच नाही." तिनं हे फार सांभाळून सांगितलं. सिद्धेशनं मान हलवली. वर्षाचं काम असेल, पण जयंती दाराशी होती.

तालीम चिखलीच्या विहाराच्या हॉलमध्ये ठेवली होती. अजिंक्यनं सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं असावं, कारण सिद्धेशच्या हाताकडं कुणी बघत नव्हतं. बघत नाही हे दिसेल इतकं बघत नव्हतं.

पहिल्यांदा अजिंक्यनं गाणंच सिद्धेशच्या लयीला आणलं, हळू. कडवं संपलं, तुकडा आला, स्वच्छ वाजला. पण गाणं बसलं खाली. ढोलकीवाला भिमाजी, वयानं सगळ्यांत मोठा, थाप मारता मारता म्हणाला, "भाऊ, जयंतीचं हाय का पाळण्याचं?" सगळे हसले. सिद्धेशही हसला. मग एकाएकी कुणीच हसेना.

"लयीत घ्या," सिद्धेश म्हणाला. "व्हती तशी."

घेतलं. अजिंक्यचा आवाज चढला, ढोलकी उडायला लागली, आणि तुकडा आला. निम्मे स्वर वाजले. निम्मे कुठं गेले ते दुसऱ्या कुणाला नसेल, पण सिद्धेशला एकेक करून कळलं. तीन महिने त्यानं तेवढंच ऐकलं होतं.

परत घेतलं. परत तसंच. तिसऱ्या वेळी अजिंक्यनं गाणं थांबवलं आणि त्याला बाहेर ओट्यावर नेलं.

"ऐक भावा. तो तुकडा आपण कीबोर्डवर घेऊ. तू स्टेजवर उभा राहा. गिटार गळ्यात घाल, हात हलव, नुसती स्पीकरची वायर लावायची न्हाई. समोर एवढी माणसं नाचत असत्यात राव, कोण बघतंय तार वाजली का न्हाई. तुझा वाटा तुला."

सिद्धेश ओट्यावर बसला. खाली रस्त्यावर निळ्या पताका लावायचं काम चाललं होतं.

"गेटवर तेच करतो अज्या," तो म्हणाला. "हजर असतो."

"तसं न्हाई रे."

"तसंच हाय. पर तितं पोटासाठी करतो. हितं न्हाई करायचा."

अजिंक्यनं चेहऱ्यावरून हात फिरवला. "त्या दिवशी मी फोन केला नसता..."

"टेप मी लावली व्हती. तू न्हाई."

मग सिद्धेश आत गेला, वायर काढली, गुंडाळून भिमाजीच्या हातात दिली. "नव्या माणसाला लागंल," म्हणाला. भिमाजीनं वायर घेतली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात भिमाजीला पटकन काढता येईना.

घरी आला तेव्हा मिनल बाजारातून येऊन पाणी पीत होती. त्याच्या चेहऱ्यावरून तिला कळलं, तरी तिनं विचारलं. त्यानं सगळं सांगितलं, वायर न लावता उभं राहण्याचंही.

"बरं केलंत," ती म्हणाली. आणि जरा थांबून, "मला बघायला आवडलं असतं पण. तुम्हाला स्टेजवर. खोटं नाही सांगत."

"मला पन."

"क्लास?"

"मॅडमला काय सांगितलं न्हाई अजून."

तिनं पिशवीतून मेथीची जुडी काढली, जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि जुडी त्याच्यापुढं सरकवली. तिला भाकरी टाकायच्या होत्या. सिद्धेश मांडी घालून बसला. दोरा सोडला. उजव्या हातात काडी धरली आणि डाव्या अंगठ्या-अनामिकेच्या चिमटीनं पानं खुडायला लागला.

"देठं किती ठेवू?" त्यानं विचारलं.

"कोवळी राहू द्या."

त्यानं पुढची काडी घेतली.