म्हाताऱ्या मोजायचं काम

चार माणसं रोज एका छपराखाली बसली की किस्से साचतातच. पण जिथं हाडं मोजायचं काम चालतं तिथं ते जरा जास्तच साचतात. त्यात मी मुळात घाबरट. मागून कुणी हाक मारली तरी दचकते.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, तेव्हाची गोष्ट. चिखलीच्या आमच्या दवाखान्यात डॉक्टरसाहेब एकाच प्रश्नामागे लागले होते: अंगणात नुसता पाय घसरला तरी म्हाताऱ्या बायकांचं खुब्याचं हाड का मोडतं? बायका पुरुषाला मापं घेऊ देईनात, म्हणून नागपूरच्या कॉलेजात सायन्स शिकलेली मी मदतनीस झाले. घरून परवानगी एका अटीवर: काम बंद पडलं की मुकाट्यानं परतायचं. वडिलांनी अकोल्याचं एक स्थळ थोपवून धरलं होतं. आणि काम चालू ठेवायचं की नाही ते ठरवायला पोळा झाल्यावर नागपूरहून एक मोठे साहेब येणार होते.

*

डॉक्टरसाहेब प्रत्येक म्हातारीला विचारायचे, "आजी, पडल्यामुळे हाड मोडलं, की आधी हाड मोडलं आणि मग पडलात?" शास्त्राच्या दृष्टीनं प्रश्न फार मोठा.

अमडापूरची सोनाबाई, खुबा मोडून एक पाय आखूड झालेली, शांतपणे म्हणाली, "डॉक्टर, तवा मी पडाचं काम करू का पाहाचं?"

*

एकदा डॉक्टरसाहेबांनी मांडीचं एक जुनं हाड माझ्याकडे दिलं. अमडापूरच्या बायकांना खुबा कुठं मोडतो ते दाखवायचं होतं. मी ते फडक्यात गुंडाळून सर्व्हिस मोटारीत बसले. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला, मी दचकले, आणि हाड थेट समोरच्या म्हाताऱ्याच्या पायाशी.

त्यानं ते उचललं, उलटंसुलटं पाहिलं. "बाई, हे कोनाचं व्हय?"

घाबरून माझ्या तोंडातून निघालं, "आमच्या डॉक्टरसाहेबांचं."

त्यानं हाड जपून फडक्यात गुंडाळून मला परत दिलं. उतरताना मात्र त्याच्यानं राहवलं नाही. "मंग ते चालते कशे?"

*

खरी पंचाईत मापांची झाली. सोनाबाईच्या ओसरीवर बायका जमल्या होत्या. मी पिशवीतून टेप काढला, तो पुरता उलगडायच्या आत ओसरी रिकामी!

आमचे कंपाउंडर करीमचाचा सोबत होते. म्हणाले, "बेटी, इकडं डोक्यापासून पायापर्यंत माणसाला एकदाच मोजतात. तुमच्यात तिरडीसाठी, आमच्यात कफनासाठी."

माझ्या हातातला टेपच गळाला. चाचांनी तो उचलून दिला. "चोळीचं माप आहे म्हण."

तसं म्हटल्यावर सोनाबाई परत आली. मी तिला भिंतीशी उभी केली. टेप टाचेपर्यंत गेला तशी ती वाकून बघायला लागली.

"काऊन वं पोरी, टाचेपर्यंत चोळी? तुमच्या कॉलेजात अशीच शिवते काय?"

मी एका दमात सगळं सांगून टाकलं. वयानुसार पाठीची हाडं बसतात, उंची घटते. पण पसरलेल्या हातांची लांबी तेवढीच राहते. दोन्ही मापांत जितकं अंतर, तितकी हाडांची झीज. ही मापं मिळाली नाहीत तर काम बंद. त्या भरात अकोल्याचं स्थळही बोलून गेले.

"पोरगा कसा हाय?" सोनाबाईनं विचारलं.

"पाहिला नाही."

"मंग मोज," ती म्हणाली आणि हात पसरून उभी राहिली. माप झाल्यावर दारातून ओरडली, "या वं समद्या! मले मोजलं, मेली काय मी?"

*

मोठे साहेब आले त्या दिवशी दवाखान्यात म्हाताऱ्यांची रांग होती. साहेब डॉक्टर नव्हेत, कचेरीतले अंमलदार. खाडखाड बूट वाजवत पायऱ्या चढले, रांगेवर नजर फिरवली आणि म्हणाले, "म्हातारी माणसं पडायचीच. यात संशोधन कसलं?"

डॉक्टरसाहेबांचा चेहरा उतरला. मला समोर अकोला दिसायला लागलं.

सोनाबाई लंगडत पुढं आली. "साहेब, तुमीबी मोजून पाहा ना. मोजल्यानं कोनी मरत नाई."

साहेब हसले. कोट काढून त्यांनी ऐटीत हात पसरले. टेपचं एक टोक सोनाबाईनं धरलं, दुसरं मी. मग उंची घेतली. मी दोन्ही आकडे वाचले. हातांची लांबी उंचीपेक्षा चांगली चार बोटं जास्त!

डॉक्टरसाहेबांच्या कपाळाला आठी पडली. ते काही बोलणार, तोच करीमचाचांच्या हातून औषधाची बाटली पडून फुटली. मी किंचाळले. त्या गडबडीत ते बोलणं राहूनच गेलं.

"साहेब," सोनाबाई हळहळून म्हणाली, "तुमचे हाडं त माह्यापेक्षा जास्त झिजले."

टेपचं टोक तिच्या मुठीत होतं. मुठीत किती टेप होता, ते मला कुणी विचारलं नाही.

साहेब पायऱ्या उतरले ते आडव्या अंगानं, एकेक पाय जपून टाकत, एक हात चाचांच्या खांद्यावर, दुसरा सोनाबाईच्या हातात. मोटारीत बसल्यावर त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि हळूच मला विचारलं, "बाई, माझं माप पुन्हा केव्हा घ्यावं लागेल?"

मी तोंड उघडायच्या आत सोनाबाई म्हणाली, "पुढच्या पोळ्याले. पन तवापर्यंत ह्या पोरीले इथंच ठेवा लागन, साहेब."