कश्यप म्हण ना!

वणीजवळच्या नव्या संगमरवरी मंदिरात मी मैत्रिणीच्या आईसोबत नुसती बघायला गेले होते. काकूंनी मला हात धरून संकल्पाच्या रांगेत बसवलं. पुजारी एकेकाला गोत्र विचारत जवळ येत होते. आम्ही बौद्ध. काकूंना ते ठाऊक होतं, रांगेला नव्हतं. खरं बोलले तर काकू मला ओळख तरी देतील का?

"गोत्र बोला, ताई."

"मला गोत्र नाही."

"माहीत नसलं तर कश्यप म्हणतो."

"माहीत आहे. नाहीच."

काकू कुजबुजल्या, "काहून वं, म्हण ना कश्यप! कोन पाहून राह्यलं?"

"मी पाहून राह्यली ना, काकू," म्हणत मी उठले.

परतताना एसटीत काकू माझ्याच शेजारी बसल्या. पण वणी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या.