मधूचे हात

अकोल्याच्या जठारपेठेतून माझा मित्र मधू याच्या बहिणीचा, सुनंदाचा, फोन आला तेव्हा मी इथे अमरावतीत वर्गावर निघालो होतो. "भाऊ, दादा गेला जी," एवढंच ती बोलली. हातातला खडू हातातच राहिला... त्याला आता दोन महिने होतील.

मधू बार्शीटाकळीच्या शाळेत चित्रकला शिकवायचा. गॅदरिंगचे मुखवटे करता करता पठ्ठ्याने सुट्ट्यांमध्ये, मोबाईलवर, चक्क एक सिनेमा केला. त्यातला कारकून रोज सकाळी उठतो, तर त्याचा एकेक अवयव बाईचा झालेला असतो. आधी हात, मग गळा, मग चाल. तो घाबरत नाही. ते नवे हात मांडीवर घेऊन तान्ह्या लेकरासारखे थोपटतो. दूधवाला दारात आला की नसलेला पदर सावरतो आणि खोलीभर कपाशीची बोंडं फुटत जातात. कारकून मधूच झाला होता. हात त्यानेच प्लास्टरचे केलेले, मनगटात हिरव्या बांगड्या.

आमच्या कॉलेजात तो सिनेमा दाखवला तेव्हा पोरं खिदळली. मागून कुणीतरी ओरडलं, "हे बाई कोन व्हय?" मी पडलो मराठीचा प्राध्यापक. उठलो आणि ठोकून दिलं, "ती बाई हे दडपलेल्या माणसाचं प्रतीक आहे." टाळ्या पडल्या. मित्राची लाज राखली, असं मला वाटलं. मधू खाली मान घालून वायर गुंडाळत होता. अकोल्याच्या एसटीत चढताना म्हणाला, "प्रतीक काहून सांगतलं बे? थे मी आहो." मी हसण्यावारी नेलं. खरं सांगतो, मला कळलं होतं. कबूल करायची छाती नव्हती. पुढे कितीदा भेटलो, चहा प्यालो... तो विषय त्याने पुन्हा काढला नाही.

मधूच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, बुद्धवंदना होऊन सगळे जेवून गेल्यावर सुनंदाने जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले ते हात माझ्यापुढे ठेवले. "हे कोनाचे व्हय, भाऊ?"

तोच 'प्रतीक' शब्द पुन्हा जिभेवर आला. गिळला. "मधूचे," मी म्हणालो.

"मले मालूम हाये. बांगड्या मीच देल्या होत्या त्याले," ती डोळे पुसत म्हणाली. "तुमाले मालूम हाये का, थे पाहाचं होतं. घेऊन जा."

आता ते माझ्या टेबलावर असतात. रविवारी धूळ पुसताना बांगड्या किणकिणतात. मी फडकं थांबवतो आणि म्हणतो, "हो रे, तूच."